बुधवारची वही

१९७५ सालच्या बिनाका गीतमालेच्या वार्षिक यादीत पहिलं आलेलं गाणं प्रेमाचं नव्हतं, विरहाचं नव्हतं आणि भक्तीचंही नव्हतं. ते महागाईचं होतं. 'रोटी कपडा और मकान'मधली ती लांबलचक कव्वाली. शब्द वर्मा मलिक यांचे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, आणि गाणारे चौघे : लता मंगेशकर, मुकेश, नरेंद्र चंचल, जानी बाबू कव्वाल. चित्रपट आला ऑक्टोबर १९७४ मध्ये. पुढचा हिवाळा आणि त्यानंतरचा सबंध उन्हाळा ती कव्वाली आमच्या कांजूरमार्गात लग्नाच्या मांडवात, सत्यनारायणाला, बारशाला, कुठेही वाजत होती. माणसं तिच्या तालावर टाळ्या वाजवत, पोरं नाचत. रेशनच्या रांगेत उभं राहून पाय दुखलेली माणसंच रेशनच्या रांगेवरच्या गाण्यावर नाचत होती, हे तेव्हा कुणाला खटकलं नाही. मलाही नाही. मी अकरा वर्षांचा होतो आणि नाचणाऱ्यांत होतो.

हे आठवायचं कारण समोर असलेली एक दोनशेपानी वही. ती माझ्या ताईची. मार्च १९७५ मध्ये महाराष्ट्रात एस.एस.सी.च्या दोन तुकड्या एकदम बसल्या, जुन्या अभ्यासक्रमाची अकरावी आणि नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी. ताई या पहिल्या दहावीतली. परीक्षा संपली, निकालाला अवकाश होता, आणि तिने दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओला कान लावून गीतमालेचे क्रमांक उतरवून घ्यायला सुरुवात केली. त्या काळी असं करणारी मुलंमुली गावोगाव होती, तेव्हा यात नवल काही नाही. नवल आहे ते शेवटच्या रकान्याचं. क्रमांक, गाणं, चित्रपट असे तीन रकाने आखून झाल्यावर तिने चौथा आखला आणि त्याला नाव दिलं 'शेरा'. प्रगतिपुस्तकावर बाई लिहितात तसा. कुणा गाण्यापुढे 'चाल बरी, बाई उगाच रडते', कुणापुढे 'मुकेश आला की झोप येते'. महागाईच्या कव्वालीपुढे मार्चअखेरीस लिहिलंय 'मजा'. एप्रिलमध्ये 'फार लांब'. आणि जूनमध्ये, पेन दाबून, उद्गारचिन्हासकट : 'बंद करा!'

मे महिन्याची पानं कोरी आहेत. मेमध्ये आम्ही राजापूरकडे गावी असायचो आणि गावच्या घरात रेडिओ नव्हता. म्हणजे उन्हाळ्याचा ऐन मध्य या दप्तरात नाहीच. इतिहासाची साधनं बहुतेक वेळा अशीच हाती येतात.

वही उलटी करून मागून उघडली तर आईचा किराण्याचा हिशोब लागतो. कागद वाया घालवायची सोय नव्हती, म्हणून एकाच वहीचे दोन धनी. गाणी पुढून चालत आली आहेत, गूळ-रॉकेल-तांदूळ मागून. त्या दोन हस्ताक्षरांचा एकमेकांशी काय संबंध, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला आहे.

आधी गीतमालेबद्दल. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताची मनापासून चाड होती आणि चित्रपटगीतांची तितकीच मनापासून नावड. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झालं आणि श्रोत्यांनी रेडिओचा काटा कोलंबोकडे फिरवला. रेडिओ सिलोनकडे महायुद्धातले ताकदवान ट्रान्समीटर होते, जाहिराती घ्यायला मोकळीक होती, आणि सीबा या स्विस कंपनीला बिनाका टूथपेस्ट खपवायची होती. ३ डिसेंबर १९५२ पासून अमीन सायानींचा आवाज घराघरांत शिरला. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मुंबईत होई, टेप विमानाने कोलंबोला जात आणि तिथून लहरींवर बसून परत मुंबईला येत. कांजूरमार्गातल्या माणसाला मुंबईतला आवाज समुद्रापलीकडून वळसा घालून ऐकावा लागे, आणि त्याचं कारण एक पुणेरी अभिरुची होती. केसकरांच्या चोखंदळपणाने हिंदी चित्रपटगीताचं जेवढं भलं केलं तेवढं कुठल्या निर्मात्याने केलं नसेल, असं माझं मत आहे. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारने माघार घेतली खरी, पण तोवर बुधवार सिलोनचा झाला होता.

सुरुवातीला ही हिट परेड नव्हतीच. सात गाणी उलटसुलट क्रमाने वाजवायची आणि श्रोत्यांनी ती कालक्रमानुसार लावून पाठवायची, अशी बक्षिसाची स्पर्धा होती. पत्रांचा पूर आला, ती मोजता मोजता माणसं थकली, आणि मग लोकप्रियतेचे क्रमांक लावायची पद्धत आली. 'पायदान' आणि 'सरताज गीत' हे शब्द तेव्हापासून आपल्या कानांत बसले. योगायोग असा की इंग्लंडातली अशी पहिली यादी 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'ने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापली, म्हणजे गीतमालेच्या आधी तीनच आठवडे. त्यांनी सुमारे वीस दुकानांना फोन करून रेकॉर्डींचा खप विचारला होता. गीतमालेनेही पुढे देशभरातल्या रेकॉर्डींच्या दुकानांकडून खपाचे आकडे घेतले, आणि त्याला श्रोता संघांच्या पसंतीची जोड दिली. पत्रांचे गठ्ठे पाठवून फसवणं सोपं असतं, म्हणून.

पण रेकॉर्ड विकत घेत कोण होतं? आमच्या चाळीत एकाकडेही ग्रामोफोन नव्हता. विक्रोळी आणि भांडुपच्या मधलं हे स्टेशन, धीम्या गाड्यांचं. पूर्वेला मिठागरं, पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग, ज्याला म्हातारी माणसं आग्रा रोडच म्हणत, आणि त्याच्या कडेने कारखाने. घड्याळ नसलं तरी चाले, तीन पाळ्यांचे भोंगे होते. अशा वस्तीत रेकॉर्ड विकत घेणारा माणूस एकच, लाऊडस्पीकरवाला. तो घाटकोपरहून रेकॉर्डी आणायचा आणि लग्नसराईत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, पहाटेपासून रात्रीपर्यंत वाजवायचा. त्याने एक रेकॉर्ड घेतली की हजार माणसांना ती ऐकावी लागे, त्यांची इच्छा असो वा नसो. खपाच्या आकड्यात मात्र ती एकच धरली जाई. हजारांनी ऐकलेलं गाणं एक मत आणि मलबार हिलवरच्या दिवाणखान्यात एकट्याने ऐकलेलं गाणंही एकच मत. गीतमालेच्या क्रमांकांवर आमच्यासारख्या वस्त्यांचा हात किती, याचा विचार या वजाबाकीपासून सुरू करावा लागतो.

दुसरी वजाबाकी भाषेची. गीतमाला हिंदी चित्रपटगीतांची. त्याच १९७५ मध्ये दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' आला. दिग्दर्शक म्हणून दादांचा तो पहिला चित्रपट आणि राम-लक्ष्मण या संगीतकार जोडीचाही पहिला. त्यातली गाणी आमच्याकडे अशी वाजली की पोरांना शाळेच्या कवितेआधी ती पाठ झाली. चौदा एप्रिलला भीमगीतं वाजत, हळदीला कोळीगीतं, आणि प्रल्हाद शिंद्यांचा खडा आवाज तर बारमाही. यातलं एकही गाणं ताईच्या वहीत नाही. ती चाळीत दिवसभर ऐकत होती एक आणि बुधवारी लिहीत होती दुसरं. मी एकदा तिला हे विचारलं तर म्हणाली, "अरे, ती गाणी होती रे, पण ती 'हिट' नव्हती." ज्याला क्रमांक आहे तेच गाणं, ही समजूत वहीच्या रकान्यांनी केली होती. पुढे 'मैंने प्यार किया' आल्यावर, १९८९ मध्ये, त्याच राम-लक्ष्मण नावाने सगळा देश वेडा झाला. ती जोडी तोवर एकट्या विजय पाटलांवर आली होती.

आता महागाई. १९७२चा दुष्काळ, १९७३ मधली तेलाची भाववाढ आणि त्यानंतर जे झालं त्याला आपल्या पिढीत तोड नाही. सप्टेंबर १९७४ मध्ये घाऊक किमती वर्षभरात तीस टक्क्यांहून अधिक वाढलेल्या होत्या. त्याआधी मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप होऊन मोडला होता. जुलै १९७४ मध्ये सरकारने वटहुकूम काढला : पगारात होणारी वाढ सगळी आणि महागाई भत्त्यात होणारी वाढ निम्मी, सक्तीने सरकारकडे ठेव म्हणून जमा. पुढे हप्त्यांनी, व्याजासह परत. बाजारात पैसा कमी खेळला की भाव उतरतील, हा हिशोब. आणि भाव उतरलेही. १९७५-७६ मध्ये घाऊक किमती चढल्या नाहीत, किंचित खालीच आल्या.

म्हणजे गंमत बघा. महागाई शिखरावर असताना, १९७४च्या पावसाळ्यात, हे गाणं प्रदर्शित झालेलंच नव्हतं. ते वर्षाचं पहिल्या क्रमांकाचं गाणं ठरलं तेव्हा आकडेवारीतली महागाई ओसरलेली होती. अर्थशास्त्राच्या पुस्तकातून पाहिलं तर हे गाणं वर्षभर उशिरा आलं. आईच्या हिशोबातून पाहिलं तर नाही. भाव वाढायचे थांबले म्हणजे ते चार वर्षांपूर्वीच्या जागी परत गेले असं नव्हे, आणि ज्या महागाई भत्त्याने ते दर परवडायचे त्याची वाढ अर्धी सरकारजमा होत होती. अण्णा (म्हणजे आमचे वडील) पगाराच्या दिवशी पाकीट आईच्या हातात देऊन म्हणायचे, "अर्धी महागाई दिल्लीला ठेवली." आई म्हणायची, "दिल्लीलाच ठेवा तिला."

ही कव्वाली मी अलीकडे पुन्हा नीट ऐकली. गाणं म्हणून ती चांगली आहे, हे आधी कबूल करतो. चार गळे चार पोतांचे, चंचलांचा आवाज वर चढतो तेव्हा अंगावर येतो, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलालांचा ठेका माणसाला बसू देत नाही. तक्रारीही खऱ्या आहेत, रांगेच्या, भेसळीच्या, साखरेच्या. पण प्रेमातली ताटातूट आणि रेशनची रांग तिथे एकाच यादीत येतात, एकाच सुरात. महागाई ही विरहासारखी, नशिबासारखी कुठून तरी येते आणि माणसाला मारते. ती कुणी केली, गहू कुणाच्या गोदामात आहे, दर कोण ठरवतो, हे त्या इतक्या लांब गाण्यात येत नाही. तक्रार आहे पण तिच्यावर पत्ता नाही.

पत्ता असलेली तक्रार मुंबईच्या रस्त्यांवर तीन वर्षं आधीच सुरू झाली होती आणि ती बायकांनी केली होती. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या, समाजवादी आणि कम्युनिस्ट एका रांगेत. हातात लाटणी आणि थाळ्या. लाटणं हे काही काव्यात्म प्रतीक म्हणून कुणी सुचवलं नव्हतं. ते घरात होतं, हाताच्या सवयीचं होतं आणि थाळीवर आपटलं की दूरवर ऐकू जात होतं. या बायका मंत्र्यांना गाठत, साठेबाजांच्या दारात जात, तेलाचा, साखरेचा, रॉकेलचा जाब विचारत. प्रत्येक वेळी नाव घेऊन, दार ठोठावून. आईही एकदा चाळीतल्या सात-आठ जणींबरोबर व्ही.टी.पर्यंत गेली होती. परत आली तेव्हा थाळीला पोचा आला होता. तो पोचा आम्ही नंतर बरीच वर्षं जेवताना पाहत होतो.

त्या थाळ्यांचा ठेकाही कव्वालीच्या ठेक्याइतकाच जोरकस होता, आणि मला वाटतं, मुंबईपुरता तो तेवढाच लोकप्रिय होता. पण त्याची रेकॉर्ड निघाली नाही, म्हणून खप नाही, म्हणून क्रमांक नाही.

इंग्लंडातही १९७५ मध्ये महागाई वीस टक्क्यांच्या पलीकडे गेली होती. तिथलं त्या वर्षी सर्वाधिक खपलेलं सिंगल 'बे सिटी रोलर्स'चं, प्रेयसीचा निरोप घेणारं. आपण निदान महागाईला शिखरावर बसवलं, असं म्हणून छाती फुगवता येईल. मला ती फुगवावीशी वाटत नाही, याचं कारण वहीतलं पुढचं पान.

बुधवार, २५ जून १९७५. क्रमांक, गाणं, चित्रपट, शेरा, सगळं नेहमीच्या हस्ताक्षरात. रात्री नऊला कार्यक्रम संपला, ताईने टोपण लावलं, आम्ही झोपलो. त्याच रात्री राष्ट्रपतींची सही झाली आणि गुरुवारी सकाळी आकाशवाणीवरून इंदिरा गांधींनी आणीबाणी जाहीर केली. पुढच्या बुधवारचं पान आधीच्या पानासारखंच आहे, फक्त शाई निळीऐवजी काळी.

गाण्यांचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. 'आंधी' फेब्रुवारीत आला होता, त्याची राहुलदेव बर्मन यांनी बांधलेली गाणी उन्हाळाभर गाजत होती. नायिका कुणासारखी तरी दिसते म्हणून आणीबाणीत त्याचं प्रदर्शन थांबलं. मे १९७६ मध्ये सरकारी प्रचाराला गायला नकार दिल्याबद्दल किशोरकुमारांचा आवाज आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाला. लाटणंवाल्या बायकांचं काय झालं तेही ठाऊक आहे. मृणालताई भूमिगत झाल्या आणि पुढे पकडल्या गेल्या, प्रमिलाताई आणि अहिल्याताई तुरुंगात गेल्या. नावागावासकट केलेल्या तक्रारीची ती किंमत होती. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, वार्षिक गीतमालेत, महागाईची तक्रार बिगुल वाजवून पहिल्या पायदानावर बसवण्यात आली. कार्यक्रम कोलंबोचा, इथल्या सरकारचा हात तिथे पोचत नव्हता, हे मान्य. पण ज्या गाण्यात कुणाचंच नाव नाही त्यापर्यंत हात पोचवायची कुणाला काय गरज होती?

त्या उन्हाळ्यातलं दुसरं मोठं गाणं मात्र मला अजून उलगडत नाही. ३० मे १९७५, शुक्रवार, 'जय संतोषी माँ' प्रदर्शित झाला. कमी खर्चाचा, मोठा नट नसलेला चित्रपट. गीतकार कवी प्रदीप, संगीतकार सी. अर्जुन, आणि आरतीला आवाज उषा मंगेशकरांचा. लोक चपला बाहेर काढून थिएटरात जात, पडद्यावर नाणी उधळत. ऑगस्टात 'शोले' आला तरी ही देवी हटली नाही. पंडितांनी तेव्हा या चित्रपटाला अंधश्रद्धेच्या खात्यात टाकलं. मला त्यात आईच्या हिशोबाचं पान दिसतं. सोळा शुक्रवार करायचे आणि नैवेद्य काय, तर गूळ आणि फुटाणे. किराण्याच्या दुकानात याहून स्वस्त असं देवापुढे ठेवण्यासारखं काही नव्हतं. पेढे नाहीत, तूप नाही, भटजी नाही, बाईने घरातच पोथी वाचायची. ज्या वर्षी साखर कार्डावर मिळत होती त्या वर्षी गुळाची देवी घरोघरी गेली. आंबट वर्ज्य, एवढी एकच अडचण. कोकणातल्या घरात शुक्रवारी सोलकढी बंद म्हणजे अण्णांचा उपासच. ताईने आरतीपुढे शेरा दिलाय 'आईसाठी ठीक'. आई मात्र ती आरती गाताना डोळे मिटून घ्यायची, आणि महागाईच्या कव्वालीने तिच्या चेहऱ्यावर कधी काही उमटलेलं मला आठवत नाही. महागाईवरचं गाणं तिच्या दृष्टीने कुठलं होतं?

सप्टेंबरच्या २५ तारखेला आणखी एक वटहुकूम आला. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, तो आता ४ टक्के. संप करायची सोय नव्हती. अण्णांच्या कारखान्यात त्या दिवाळीला किमान तेवढाच बोनस मिळाला. वहीच्या मागच्या बाजूला दिवाळीच्या सामानाची यादी आहे. रवा, डालडा, पोहे आणि अर्ध्यावर आलेली उटण्याची पुडी. यादीच्या शेवटी 'मुलांचे कपडे' असं लिहून त्यावर रेघ मारली आहे. पुढून येणारी ताईची गाणी आणि मागून येणारा हा हिशोब यांच्यामध्ये त्या वेळी पंधराएक पानं मोकळी उरली होती.

वही मी सांभाळली ती मुख्यतः त्या 'बंद करा!'साठी. सोळा वर्षांच्या मुलीला आपल्या घराचं दुःख टाळ्या वाजवत विकलं जाताना असह्य झालं आणि तिने शेरा लिहिला, असा अर्थ मी लावला होता. एकदोन ठिकाणी बोललोही तसा. गेल्या मे महिन्यात ताई आली तेव्हा पान उघडून तिच्यापुढे धरलं. तिने चष्मा पुसला, बराच वेळ वाचलं आणि हसली.

"अरे, गाण्याला नाही लिहिलं ते," ती म्हणाली. "समोरच्या मांडवात लाऊडस्पीकर लावला होता, आणि अण्णा रात्रपाळी करून आले होते. झोपू देत नव्हते रे त्यांना."